समोरचं बेट आणि घरातले सहा पासपोर्ट

कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांमधून जाणारी आंतरराष्ट्रीय सीमा एका चिंचोळ्या खाडीतून जाते. अलीकडे सेंट थॉमस आणि सेंट जॉन, दक्षिणेला जरा लांब सेंट क्रॉय. ही बेटं अमेरिकेची; १९१७ साली तिने ती डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतली. पलीकडे टॉर्टोला, व्हर्जिन गोर्डा, अनेगाडा आणि योस्ट व्हॅन डाइक. ही ब्रिटनची. सेंट जॉन आणि टॉर्टोला यांच्यामधलं पाणी काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन किलोमीटर. दोन्हीकडे डॉलरच चालतो, दोन्हीकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, घड्याळातली वेळही एकच. सेंट जॉनच्या किनाऱ्यावर उभं असताना फोन कधी कधी पलीकडच्या टॉवरला जोडला जातो आणि ब्रिटिश बेटांवर स्वागत असल्याचा मेसेज येतो. इतकं सगळं सारखं असल्यामुळेच समोरच्या बेटावर दिवसभर जाऊन यायचं म्हणजे होडीचं तिकीट काढायचं, एवढंच काम आहे असं वाटतं.

या प्रकरणातलं कुटुंब मी उभं केलेलं आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये ज्या परिस्थिती सुट्या सुट्या आढळतात त्या इथे एका घरात आणल्या आहेत, म्हणजे त्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील. नियम मात्र खरे आहेत.

घर

सहा माणसं. थोरला मुलगा आयटीत नोकरीला, एच-१बीवर, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या परवानगीवर. तो शिकायला आला तेव्हा पासपोर्टवर एफ-१चा, म्हणजे विद्यार्थी-व्हिसाचा, शिक्का होता. नोकरी लागल्यावर कंपनीने अमेरिकेतल्या अमेरिकेत त्याचं स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, बदलून घेतलं. त्यानंतर भारतात जाणं झालं नाही, त्यामुळे एच-१बीचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर त्या व्हिसाचा शिक्का घेणं, झालेलंच नाही. पासपोर्टवर अजून तोच जुना एफ-१चा शिक्का, तोही मुदत संपलेला. सून एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या स्टेटसवर. ती मध्यंतरी माहेरी जाऊन आली, तेव्हा तिने स्टॅम्पिंग करून घेतलं. तिचा व्हिसा चालू आहे. चार वर्षांची नात अमेरिकेत जन्मलेली, तिचा पासपोर्ट अमेरिकन. धाकटा मुलगा एमएस करतोय, एफ-१वर; त्याच्याही शिक्क्याची मुदत संपली आहे. आणि सुट्टीसाठी भारतातून आलेले आई-बाबा, बी-२ या पर्यटक व्हिसावर.

डिसेंबरच्या सुट्टीत सगळ्यांनी सेंट थॉमस ठरवलं. त्यामागचा विचार बरोबर होता. इमिग्रेशनच्या कायद्यात 'युनायटेड स्टेट्स'ची जी व्याख्या आहे तिच्यात पन्नास राज्यांबरोबर पोर्टो रिको, ग्वाम आणि अमेरिकन व्हर्जिन बेटंही येतात. तिथे जाणं म्हणजे देश सोडणं नाही. जाताना इमिग्रेशन नाही, आय-९४ला, म्हणजे कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता याच्या सरकारी नोंदीला, धक्का नाही, स्टॅम्पिंग नसलेल्या माणसाला काळजीचं कारण नाही. थोरल्याने म्हणूनच बहामा किंवा मेक्सिको सोडून हे ठिकाण निवडलं होतं.

तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी रेड हुकच्या धक्क्यावर चौकशी करताना योस्ट व्हॅन डाइकची पत्रकं हाती आली. पांढरी वाळू, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सून म्हणाली, "जाऊ या की, इतकं जवळ आलोय." रात्री फेरीचं बुकिंग करायला बसले तेव्हा फॉर्ममध्ये प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर, मुदत आणि नागरिकत्व मागितलं होतं. त्याच धक्क्यावरून सेंट जॉनला जाणाऱ्या फेरीला यातलं काहीच विचारत नाहीत. तिकीट दाखवा आणि बसा.

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने ऑफिसातल्या एका मित्राला मेसेज केला. उत्तर आलं: "तीस दिवसांच्या आत परत आलास तर एक्स्पायर्ड व्हिसा चालतो. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन. बिनधास्त जा."

अर्धा खरा सल्ला

या प्रकरणाची सगळी मेख या एका मेसेजात आहे. तो खोटा नाही, अर्धा आहे, आणि अर्धा असल्यामुळेच तो हातोहात पुढे जातो.

ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनची सोय खरोखर आहे. मुदत संपलेला व्हिसा काही अटींवर परतीच्या दिवसापर्यंत वाढल्याचं मानलं जातं. अटी अशा: पासपोर्ट चालू हवा, आय-९४ची मुदत शिल्लक हवी, स्टेटस नीट पाळलेलं हवं आणि परत येऊन तेच पुढे चालवायचं असावं, बाहेरचा मुक्काम तीस दिवसांपेक्षा जास्त नको, आणि बाहेर असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. जे शिकायला आले आणि इथेच नोकरीला लागले, म्हणजे ज्यांचं स्टेटस मधे बदललं, त्यांनाही ही सोय मिळते. थोरला यातली प्रत्येक अट पुरी करत होता.

मित्राने सांगितली नाही ती गोष्ट म्हणजे तीस दिवस कुठे काढायचे. नियमात दोन वेगळे टापू आहेत. एक, अमेरिकेला जमिनीने लागून असलेला प्रदेश, म्हणजे कॅनडा आणि मेक्सिको. दुसरा, 'लगतची बेटं'. या बेटांची यादी इमिग्रेशनच्या मूळ कायद्यातच दिलेली आहे: बहामा, बर्म्युडा, जमैका, बार्बाडोस, हैती, डॉमिनिकन रिपब्लिक, त्रिनिदाद, विंडवर्ड आणि लीवर्ड बेटं, क्युबा, आणि कॅरिबियन समुद्रातले किंवा त्याला लागून असलेले ब्रिटिश, फ्रेंच, डच मुलूख. टॉर्टोला आणि योस्ट व्हॅन डाइक या शेवटच्या गटात बसतात.

पहिला टापू एच-१बीसकट बहुतेक सगळ्या तात्पुरत्या स्टेटसना खुला आहे. दुसरा टापू, क्युबा वगळून, फक्त विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिजिटर, म्हणजे एफ आणि जे, आणि त्यांच्यासोबतच्या जोडीदार-मुलांना. एच-१बी त्यात नाही.

म्हणजे थोरल्याला मुदत संपलेल्या शिक्क्यावर टोरांटोहून परत येता येईल, पण डोळ्यांसमोर दिसणाऱ्या योस्ट व्हॅन डाइकवरून येता येणार नाही. आणि धाकट्याला, ज्याचा शिक्का तितकाच शिळा आहे, दोन्हीकडून येता येईल. घरात सगळ्यांना हे उलटं वाटलं. बाबा म्हणाले, "नोकरी करणाऱ्याला नाही आणि शिकणाऱ्याला हो, हा कुठला न्याय?" त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण खिडकीवरचा अधिकारी न्याय-अन्याय बघत नाही, कागद बघतो. दोघा भावांचे पासपोर्ट उघडून समोर ठेवले तर व्हिसाची पानं जवळपास सारखी दिसतात: तेच एफ-१, तशीच उलटून गेलेली तारीख. उत्तर त्या पानात नाहीच. थोरल्याजवळ त्याबरोबर आय-७९७ए आहे, म्हणजे एच-१बी मंजूर झाल्याचा कागद; धाकट्याजवळ आय-२०, म्हणजे कॉलेजने दिलेला विद्यार्थी असल्याचा कागद. फरक पाडतात ते हे कागद.

जाता जाता कॅनडा-मेक्सिकोबद्दल. तिथेही नुसत्या रिव्हॅलिडेशनवर निघू नये. कॅनडाला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागतो. मेक्सिको चालू अमेरिकन व्हिसा असलेल्यांना वेगळा व्हिसा मागत नाही, पण थोरल्याचा व्हिसा चालूच नाही, तेव्हा त्याला मेक्सिकोचाही काढावा लागेल.

गेला असता तर

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण "काय होईल फार तर, ओरडतील आणि सोडतील" असा धीर देणारे लोक भेटतात.

जाताना काहीच झालं नसतं. भारतीय पासपोर्टधारकाला ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर थोड्या दिवसांच्या सहलीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पासपोर्ट, परतीचं तिकीट, फॉर्म, शिक्का, संपलं. पलीकडे सहज शिरता येतं, हाच यातला धोका आहे. आत घेणारा देश आणि परत घेणारा देश वेगळे; पहिल्याने हसून स्वागत केलं म्हणून दुसरा बांधील होत नाही.

संध्याकाळी परतताना मात्र तो एच-१बीवर अमेरिकेत प्रवेश मागणारा, पण चालू व्हिसा नसलेला माणूस ठरला असता. आय-७९७ मंजुरीचा कागद आहे, व्हिसा नव्हे. अचानक उद्भवलेल्या संकटासाठी व्हिसाची अट शिथिल करण्याचा एक अर्ज आहे, आय-१९३ नावाचा. पण तो मंजूर करणं सर्वस्वी अधिकाऱ्याच्या हाती. समुद्रकिनारा बघायला गेलो होतो, हे संकट होत नाही. त्याच्या भरवशावर सहल आखणं म्हणजे नोकरी आणि घर पणाला लावणं.

परत घेतलं नाही तर तो टॉर्टोलावर अडकतो. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर अमेरिकन व्हिसा देणारी कचेरी नाही. तो भाग बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनच्या अमेरिकन दूतावासाकडे येतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की तात्पुरत्या व्हिसाचा अर्ज माणसाने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशात करावा. म्हणजे त्याच्यासाठी भारत. आता टॉर्टोलाहून भारतात जायचं कसं? तिथली बरीच विमानं सान व्हानमार्गे जातात, आणि सान व्हान पोर्टो रिकोत, म्हणजे अमेरिकेतच. तो रस्ता बंद. दुसऱ्या एखाद्या बेटावर जाऊन लंडनमार्गे निघावं, तर भारतीय पासपोर्टला लंडनला नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. चालू अमेरिकन व्हिसा असता तर सूट मिळू शकली असती, पण सगळं त्यावरच तर अडलं आहे. एवढं करून भारतात पोचला की अपॉइंटमेंटची वाट. तोवर नोकरी लॅपटॉपवरून चालेल का, हे कंपनी ठरवणार. बायको आणि मुलगी अमेरिकेत.

थोरल्याने हे सगळं त्या रात्री हॉटेलच्या खोलीत वाचून काढलं. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलांना ईमेल केला. सकाळी दोन ओळींचं उत्तर आलं, की एच-१बीचा व्हिसा स्टॅम्प होईपर्यंत कॅरिबियनमधल्या परदेशी बेटांवर जाऊ नये. मला त्याचं कौतुक वाटतं, कारण सगळं बुक होत असताना, लेक उद्याच्या वाळूच्या किल्ल्याबद्दल बोलत असताना थांबणं सोपं नसतं.

धाकट्याचे कागद

धाकट्याला जाता येत होतं. पण जाता येतं आणि सुरळीत परत येता येतं, यात कागदांची तयारी असते. त्याने काय काय हाताशी ठेवलं ते बघू.

पासपोर्ट, ज्यात मुदत संपलेला एफ-१ व्हिसा तसाच आहे. काही जण पासपोर्ट नवा झाला की जुना घरी ठेवतात. शिक्का जुन्या पासपोर्टात असेल तर तो बरोबर हवाच, कारण वाढल्याचं मानायचं ते त्याच शिक्क्याला. आय-२०, ज्याच्या दुसऱ्या पानावर कॉलेजच्या डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, प्रवासासाठीची सही असते. चालू विद्यार्थ्याला ती सही एक वर्ष चालते, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, असलेल्याला सहा महिने. त्याची सही ऑगस्टमधली होती. आय-९४ची छापील प्रत. विमानाने आणि समुद्रमार्गे येणाऱ्यांचे आय-९४ २०१३ पासून ऑनलाइन झाले, तेव्हा कागद स्वतःच वेबसाइटवरून छापून घ्यावा लागतो. त्यावर तारखेऐवजी 'डी/एस' असतं, म्हणजे शिक्षण चालू आहे तोपर्यंत. आणि चौथी गोष्ट, सरकारी वेबसाइटवरच्या ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनच्या पानाची प्रत.

ही चौथी गोष्ट कायद्याने लागत नाही, पण मी ती आवर्जून ठेवायला सांगेन. पहिली अडचण अमेरिकन अधिकाऱ्यापाशी येण्याऐवजी पलीकडच्या धक्क्यावर, फेरी कंपनीच्या टेबलापाशी येऊ शकते. कागद अपुरे असलेला प्रवासी आणला तर दंड वाहतूक कंपनीला बसतो. त्यामुळे तिथला माणूस व्हिसाची तारीख बघतो आणि "हा संपलाय" म्हणून बाजूला उभं करतो. त्याला नियम ठाऊक असेलच असं नाही, आणि शेवटची होडी सुटायला दहा मिनिटं असताना फोनवर शोधत बसायला वेळ नसतो. छापलेलं पान पुढे करता आलं पाहिजे.

एक इशाराही. मुदत संपलेला व्हिसा आणि रद्द केलेला व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल आला आहे किंवा ज्याच्या सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यंत्रणेतल्या, नोंदीत गडबड आहे, त्याने ही वाट धरू नये. आधी डीएसओशी बोलावं.

बाकीचे चौघं

आई-बाबांचं सर्वांत सोपं. व्हिसावर 'एंट्रीज' असा छोटा रकाना असतो, त्यात 'एम' अक्षर असेल तर अनेकदा प्रवेश. दोघांच्याही व्हिसावर ते होतं, मुदतही बरीच शिल्लक. तरी एक गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली: परत येताना खिडकीवर नव्याने प्रवेश मागायचा असतो. किती दिवस राहणार, कुणाकडे, परतीचं तिकीट कधीचं, हे प्रश्न पुन्हा येऊ शकतात. बाबांचं इंग्रजी कामापुरतं. परतीच्या विमानाचं तिकीट छापून त्यांच्या खिशात ठेवलं की बोलणं निम्मं कमी होतं.

सुनेचा एच-४ चालू असल्याने ती जाऊ शकत होती. तिच्या बाबतीत धोका वेगळाच आणि सहज नजरेतून सुटणारा. तिच्या पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपत होती, तर आय-९४ त्याच्या पुढच्या वर्षापर्यंतचा. बाहेर जाऊन परत आलं की नवा आय-९४ तयार होतो, आणि अधिकारी तो पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देऊ शकतो. म्हणजे एका दिवसाच्या सहलीपायी हातातलं दीड-दोन वर्षांचं स्टेटस काही महिन्यांवर यायचं, आणि घरी येऊन आय-९४ उघडून पाहिला नाही तर कळायचंही नाही. मुदत उलटल्यावर लक्षात आलं की निस्तरणं फार कठीण जातं. एच-१बी आणि एच-४वाल्या घरांनी ही एक गोष्ट तरी मनावर घ्यावी: कुठूनही परत आलात की त्याच आठवड्यात आय-९४ उघडून तारीख वाचा.

नातीजवळ अमेरिकन पासपोर्ट होता, तेव्हा प्रश्न मिटला. तो नसता तर? १ जून २००९ पासून अमेरिकन नागरिकांनाही जमिनीने किंवा समुद्रमार्गे परतताना पासपोर्ट किंवा त्या तोडीचं ठरावीक कार्ड दाखवावं लागतं. मात्र सोळा वर्षांखालच्या मुलांना शेजारच्या देशांतून आणि बेटांवरून येताना जन्मदाखल्यावर सोडतात. पण ही सूट अमेरिकेच्या दाराची. ब्रिटिश बेटांवर शिरताना पासपोर्ट मागतात. एका दाराला चालणारा कागद दुसऱ्याला चालेल असं धरून निघालेली माणसं जातानाच धक्क्यावर अडकतात.

शिवाय बाप मागे राहणार आणि आई लेकीला घेऊन सीमा ओलांडणार, अशा वेळी मागे राहणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा, असं अमेरिकन सीमाखातंच सुचवतं. सुट्टीच्या गावात रात्री दहा वाजता नोटरी कुठून आणणार?

काय ठरलं

आई ऐकेनात. "त्याला एकट्याला ठेवून मी कुठेही जाणार नाही." सून आपल्या पासपोर्टची तारीख वाचून आधीच मागे सरली होती. शेवटी पाच जण सेंट जॉनला गेले. रेड हुकहून क्रुझ बे साधारण वीस मिनिटं. बेटाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ट्रंक बेची वाळू योस्ट व्हॅन डाइकपेक्षा कणभरही कमी नाही. इथे काहीतरी गमावलं असं मला अजिबात वाटत नाही.

धाकटा एकटा पलीकडे गेला. भावाने आग्रह केला: "तुझं चालतंय ना, मग जा. माझ्यामुळे थांबू नकोस."

"दादा, पण नक्की ना?"

"वकिलांना तुझंही विचारलं. सगळे कागद घे फक्त."

त्याच्या परतीचा प्रसंग या नियमाचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. धक्क्यावर रांग, खिडकी, पासपोर्ट स्कॅन. अधिकारी म्हणाली, व्हिसा संपलाय. त्याने स्पष्टीकरणात न शिरता एक वाक्य म्हटलं: मी एफ-१ विद्यार्थी आहे, आज सकाळी गेलो, आज परत येतोय, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनवर. आणि आय-२० दुसऱ्या पानावर उघडून आय-९४बरोबर पुढे केला. तिने सही पाहिली, तारीख पाहिली, कॉलेजचं नाव विचारलं, नवीन व्हिसासाठी कुठे अर्ज केला होता का ते विचारलं. नाही म्हटल्यावर 'डी/एस' लिहून शिक्का मारला. हे नेहमी इतकं सरळ होईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. नियमाने प्रवेश मागता येतो, देणं अधिकाऱ्याच्या हाती. पण नेमक्या शब्दांत मागणं आणि नेमका कागद पुढे करणं याने बोलणं लवकर आटोपतं, यात शंका नाही.

सेंट थॉमसच्या विमानतळावर

थोरल्याला वाटलं आपला भाग संपला. तो संपला नव्हता, आणि हे आधी माहीत नसेल तर पोटात गोळा येतो.

सेंट थॉमसहून मुख्य भूमीकडे जाणारं विमान अमेरिकेतल्या अमेरिकेतच उडतं, तरी विमानात बसण्याआधी कस्टम्स आणि इमिग्रेशनच्या टेबलांवरून जावं लागतं. व्हर्जिन बेटं अमेरिकेच्या कस्टम्स हद्दीबाहेर आहेत, आणि या बेटांवरून पुढे जाणाऱ्या परदेशी नागरिकांची तपासणी करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. येताना कुणी काही विचारलं नव्हतं. परतताना समोर गणवेशातला अधिकारी. स्टॅम्पिंग नसलेल्या माणसाने हे दृश्य पाहिलं की आपण देश सोडला होता की काय, अशी शंका त्यालाच येते.

सोडला नव्हता. ही तपासणी प्रवेशाच्या दारावरच्या तपासणीसारखी दिसते, पण व्हिसा-पासपोर्टच्या कागदांची अट ज्या कलमात आहे ते कलम कायद्याने या तपासणीतून वगळलेलं आहे. म्हणून मुदत संपलेला शिक्का इथे आड येत नाही. स्टेटस चालू आहे हे दाखवता आलं पाहिजे.

ते दाखवण्याचा कागद कोणता, इथे थोरल्याची थोडी तारांबळ उडाली असती. ऑनलाइन आय-९४ काढला तर त्याचा जुना, विद्यार्थी म्हणून आला तेव्हाचा 'डी/एस'वाला निघाला. अमेरिकेतल्या अमेरिकेत स्टेटस बदललं की नवा आय-९४ आय-७९७एच्या खालच्या भागात छापून येतो, आणि चालू धरायचा तो तोच. सुदैवाने मूळ आय-७९७ए बरोबर होता. अनेक जण तो घरी कपाटात जपून ठेवतात आणि फोनमध्ये फोटो घेऊन फिरतात. व्हर्जिन बेटांवर किंवा पोर्टो रिकोला जाताना मूळ कागद न्यावा. नाहीतरी अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असा कायदा आहेच, आणि आय-९४ हा तसा कागद मानला जातो. शेवटच्या तीन पगारांच्या पावत्याही त्याच्याजवळ होत्या. कुणी मागितल्या नाहीत.

देशांतर्गत विमानासाठी ७ मे २०२५ पासून रिअल आयडी, म्हणजे केंद्र सरकारच्या निकषांत बसणारं राज्याचं लायसन्स किंवा ओळखपत्र, किंवा तिच्या तोडीचं ओळखपत्र लागतं. आई-बाबांकडे अमेरिकन लायसन्स असण्याचा प्रश्न नव्हता. भारतीय पासपोर्ट तिथे चालतो.

हेच प्रकरण थोडं बदललं तर

थोरल्याचा एच-१बी व्हिसा स्टॅम्प झालेला आणि चालू असता, तर तो योस्ट व्हॅन डाइकला जाऊन येऊ शकला असता. सुनेसारखी पासपोर्टच्या मुदतीची काळजी तेवढी घ्यायची.

ग्रीन कार्ड असतं तर पासपोर्ट आणि ते कार्ड. पण ग्रीन कार्डचा अर्ज, म्हणजे आय-४८५, नुसता दाखल असेल तर मामला नाजूक. योग्य परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल पडलं तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जाऊ शकतं. अशा माणसाने दिवसाच्या सहलीसाठीसुद्धा आधी वकिलाला विचारावं.

होडी भाड्याने घेऊन नुसतं फिरायचं असेल तरी सीमा पाण्यातच आहे. सेंट थॉमसहून सुटणाऱ्या कितीतरी सहली व्हर्जिन गोर्डाच्या शिळांपर्यंत किंवा नॉर्मन बेटाजवळ पोहायला नेतात, आणि जाहिरातीत ते ब्रिटिश हद्दीत असल्याचं बारीक अक्षरांत असतं. बुकिंग करताना सरळ विचारावं: ही सहल कुठल्या देशाच्या पाण्यात जाते?

क्रूझचंही तसंच. मायामीहून निघणारी तीन-चार रात्रींची जहाजं बहामाला थांबतात, आणि बहामा त्याच 'लगतच्या बेटां'च्या यादीत आहे. जहाज अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत येतं म्हणून एच-१बीवाल्याला वेगळा नियम लागत नाही. ऑफिसची सहल म्हणून सगळ्या टीमचं तिकीट एकगठ्ठा काढलं जातं, आणि स्टॅम्पिंग नसलेला एखादा मराठी मुलगा संकोचाने गप्प बसतो. त्याने बोलायला हवं. एचआरला एक ओळ पुरते: माझा व्हिसा स्टॅम्प झालेला नाही, मी येऊ शकत नाही.

थोरल्याने परतल्यावर पुढच्या वर्षीच्या भारतभेटीत स्टॅम्पिंगसाठी वेळ राखून ठेवला, सुनेने पासपोर्ट नूतनीकरणाचा अर्ज भरायला घेतला, आणि धाकट्याने आपला नवा आय-९४ छापून आय-२०च्या पाकिटात ठेवला.